मुशी, कालव आणि ओहोटी

आमच्या घरी जेवायची वेळ घड्याळ ठरवत नसे, पाणी ठरवत असे. बा डोलीवरून आला की जेवण, मग ते सकाळी असो की दुपार कलल्यावर. डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधून ठेवायचं लांब पिशवीसारखं जाळं. त्याचं तोंड वाहत्या पाण्याकडे करायचं आणि गप्प बसायचं. बोंबील, जवळा, मांदेली पाणीच आत आणून टाकतं. शाळेत बाईंनी एकदा विचारलं, तुझे वडील मासे कसे पकडतात, तर मी म्हणाले, "आमचा बा बसतो आनि मासे येतात." वर्ग हसला, बाईही हसल्या, पण मी काही खोटं बोलले नव्हते. घड्याळ वाचायला शिकायच्या आधी मला भरती-ओहोटी कळत होती. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे माझी जी फजिती झाली ती वाचून कोणी म्हणू नये की हिला ठाऊकच नव्हतं.

घर रेवसच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. पहाटे इंजिनांची डुगडुग, मग बर्फ फोडायचा आवाज, मग आयचा. आयला शांतपणे स्वयंपाक करता येत नसे. ती तव्याशी बोले, मांजराशी बोले, भाताच्या फेसाशी भांडे. अंगणात बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले असत, जबड्यात जबडा अडकवून, आणि वारा सुटला की त्यांचा खुळखुळ असा कोरडा आवाज यायचा. आता मी जिथे राहते तिथे लोक त्या वासाला नाक मुरडतात. मुरडू देत. मला अजून कुठे वास आला की भूकच लागते.

समोर खाडी, खाडीपलीकडे करंजाचा डोंगर, आणि अंधार पडला की त्याच्यामागे बंदराच्या दिव्यांची लाली. त्या लालीत कुठेतरी माझा भाऊ होता. नाव नरेश; बा-आय नऱ्या म्हणत, मी दादूस. न्हावा शेवाला कंटेनरच्या यार्डात तो कामाला लागला होता. तरीने खाडी ओलांडून करंजाला उतरून रिक्षा धरली की जेवायच्या आत पोचता येईल इतका जवळ, आणि गणपतीला आला नाही, दिवाळीला आला नाही इतका लांब. झालं होतं एवढंच, की डोलीवर यायला त्याने नकार दिला आणि बा भडकून म्हणाला, "डोल सोडलीस ना? मंग या धक्क्यावर पाय ठेवू नको." रागात माणूस बोलतो. पण आमचा दादूस तो शब्द पदरात बांधून गेला. आयचा फोन तो उचलायचा. "बरा हाय," म्हणायचा. घरी कधी येतोस विचारलं की एकच उत्तर, "बा बोलवू दे." आणि बाचं एकच, "गेला त्याच्या पायांनी, येल पन त्याच्या पायांनी." दोघंही एकाच मातीचे. मधल्या मध्ये आय तव्याला सुनवायची, "ज्यांना आपल्या घरचा गोड न्हाय लागत त्यांनी मेसचा पातळ वरान प्या म्हनावा!" आणि मग सगळ्यात जाड बोंबील निवडून वेगळ्या डब्यात भरून ठेवायची. तो डबा मांजरालाही उघडता येऊ नये म्हणून वर दगड.

होळी जवळ आली तेव्हा माझा धीर सुटला. आमच्याकडे होळीला मुंबईतला, गुजरातेतला, कुठलाही माणूस घरी येतो. होड्या धुऊन, पताका लावून सजवायच्या, पूजा करायची, घरच्या पोराने होडीवर नारळ वाढवायचा. गणपतीला नाही आला तर लोक म्हणतात सुट्टी मिळाली नसेल. होळीला नाही आला तर म्हणतात, ते घर तुटलं. आय आता तव्याशीही बोलेनाशी झाली होती, आणि ते मला सोसवत नव्हतं.

आता खेळाचं सांगते. त्याचं नाव परदेशी आणि लांबलचक होतं. आमच्या आळीत त्याला जनावरांचा खेळ म्हणत. फोनवर खेळायचा. तुमची तीन जनावरं, समोरच्याची तीन, मैदानात एका वेळी एकेकच. दोघांनी आपापली चाल गुपचूप निवडायची, मग फोन दाखवणार काय झालं ते. मैदानातलं जनावर परत बोलावून दुसरं पाठवता येई. तिन्ही पडली की हरलात. दादूस हा खेळ आमच्या आळीत घेऊन आला आणि सगळ्यांना लोळवून ठेवलं. त्याचं लाडकं जनावर एक शार्क होतं, आम्ही त्याला मुशी म्हणायचो. मोठा चावा घेतला की समोरचा अर्धामेला. मात्र त्या चाव्यानंतर तिला एक डाव दम खायला लागायचा. दादूसला विचारलं की कसं खेळायचं, तर म्हणे, "इचार कराचा न्हाय. चावाचा." माझं आवडतं जनावर म्हणजे खडकाला चिकटलेल्या कालवासारखं एक गोळं. ना नखं, ना दात. ढाल धरायची, लेप लावून जखम भरायची, पाण्याचे बारीक शिंतोडे मारायचे आणि विष सोडायचं, एवढंच त्याला येई. आळीतली पोरं मला चिडवायची, "हिरूचा कालव बग, खेलतोय का झोपलाय?"

आमच्या घरात एक नियम होता: हरेल त्याने जिंकणाऱ्याचं ऐकायचं. जवळा निवडायला कोण बसणार यावरून तो सुरू झाला. दादूस या बाबतीत फार पक्का. एकदा शेजारच्या पोराशी चुकून हरला, तर आयचं लुगडं नेसून भर दुपारी धक्क्यावरून बर्फ घेऊन आला. सगळा धक्का लोटपोट, आणि हा गंभीर तोंड करून म्हणतो, "पैज म्हंजे पैज." बाच्या तोंडून ‘ये’ निघणार नव्हतं आणि दादूस आपणहून येणार नव्हता. पण पैज हरला म्हणून आला, तर त्यात कोणाचंच नाक कापलं जाणार नव्हतं. हे डोक्यात आलं तेव्हा मी जवळा निवडत होते. तशीच टोपली टाकून उठले, आणि मागून आयने जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अडचण एवढीच की दादूसला मी जन्मात कधी हरवलं नव्हतं.

मग मी अभ्यासाला बसले. बारावीचा सोडून. आधी हे शोधलं की मी हरते कुठे. मुशी दिसली रे दिसली की मी घाबरून तिच्यावर विष टाकायचे. विषाची गंमत अशी की ते दर डावाला जास्त जास्त चढत जातं; पण जनावर परत बोलावलं की उतरून पुन्हा पहिल्यापासून. दादूस तेच करायचा. विष चढायला लागलं की मुशी आत, दुसरं जनावर बाहेर, आणि माझी सगळी मेहनत पाण्यात. म्हणजे विष टाकायचं ते शेवटी, त्याची बाकीची दोन पडल्यावर, मुशीला मागे फिरायला जागाच उरली नाही तेव्हा. आणि दुसरं, आपण सगळे जनावराला वेग वाढवून देतो. मी कालवाचा सगळा वेग काढून जाडीत घातला. पोरं म्हणाली येडी झाली. पण हळू जनावर चाल शेवटी करतं, म्हणजे आधी मुशी चावून घेणार आणि मग त्याच डावात माझा लेप ती जखम भरणार. वेग असता तर लेप आधी लागून वाया गेला असता. ढाल तेवढी वेग न बघता आधीच लागते. एक डाव ढाल, एक डाव लेप, पुन्हा ढाल. लागोपाठ दोन ढाली मात्र धरवत नाहीत; दुसरी बहुतेक फुटते. बाकी काही करायचं नाही, विष आपलं काम करतं. डोल मांडून बसायचं. मी डोलकराची पोर, मासोळीच्या मागे पळायचं मला इतके दिवस सुचलं कसं, याचंच मला नवल वाटलं.

अनोळखी लोकांशी खेळून मी सराव केला. काय चिडायचे! त्या खेळात बोलता येत नसे, फक्त तोंडं पाठवता येत, आणि मला लाल तोंडं, रडकी तोंडं, जांभई देणारी तोंडं सगळी मिळाली. खरं सांगते, फार मजा आली. आयुष्यात पुढे मी बऱ्याच मोठ्या आवाजाच्या माणसांशी वागले, आणि दर वेळी मनात म्हटलं, चावून घे बाबा, मग दम खा, मी आहे इथेच.

आव्हान पाठवताना एक ओळ लिहिता यायची. मी लिहिलं, "हरलास तर होळीला घरी. मी हरले तर परत कधी बोलावणार नाही." दुसरं वाक्य घातलं, कारण एकतर्फी पैज दादूसने घेतलीच नसती. आणि आमच्या घरचा नियम मलाही लागू होता, हरले असते तर खरंच तोंड बंद ठेवावं लागलं असतं. दिवस गेला. संध्याकाळी उत्तर आलं: "उद्या दुपारी, ड्यूटी सुटल्यावर. ये."

आमच्या घरात नेटवर्क नसायचं. टॉवर पलीकडे करंजाच्या बाजूला, मध्ये सुरूची झाडं. धक्क्यावर ते छान यायचं, पण तिथे मासळी निवडणाऱ्या बाया, त्यांची पोरं, शंभर सल्ले. म्हणून मी धक्क्याला बांधलेल्या आमच्या होडीत ताडपत्रीच्या सावलीला जाऊन बसले. होडीचा काठ धक्क्याच्या बरोबरीला होता, समोर करंजा उघडा, नेटवर्क भरपूर. वर धक्क्यावर बा पाय पसरून जाळं सांधत होता. मला बघून म्हणाला, "परीक्षा घरात ठेवून इथं कशाला आलीस?" मी म्हटलं, अभ्यासच करतेय.

दादूसने मुशी सुरुवातीलाच काढली. मी कालव लपवून ठेवलं. माझी दुसरी दोन जनावरं मी मरायलाच आणली होती. त्यांनी मरता मरता त्याचं एक जनावर पाडलं आणि दुसऱ्याला अर्धं केलं. मग कालव आलं. अर्ध्या झालेल्याला शिंतोडे मारत, ढाल धरत, लेप लावत मी संपवलं. त्याला फार वेळ गेला. दादूसने जांभईचं तोंड पाठवलं. मी उत्तर दिलं नाही. आता मैदानात मुशी आणि कालव, आणि मुशीला मागे जागा नव्हती. मी विष टाकलं.

त्याने मोठा चावा घेतला. कालव अर्ध्याच्या खाली. लेप. चावा, ढाल. दम, लेप. मुशीचा जीव डावागणिक उतरत होता. तेवढ्यात पडद्यावर चक्र फिरायला लागलं. नेटवर्क गेलं. थोड्या वेळाने आलं, डाव तिथेच होता. पुन्हा गेलं. मी फोन इकडे केला, तिकडे केला, आणि वर बघितलं तर समोर करंजा नव्हताच. समोर धक्क्याची शेवाळलेली भिंत होती. ओहोटी! मी खेळत होते आणि पाणी उतरत होतं, आणि पाण्याबरोबर होडी, होडीबरोबर मी, खाली खाली, धक्क्याच्या आडोशाला. जिचं जेवणसुद्धा पाण्यावर चालायचं ती मी, आणि ओहोटी विसरले. सगळ्यांना थांबवून थांबवून मारायचा डाव मांडला, पण समुद्र काही माझ्यासाठी थांबणार नव्हता.

"बा! फोन धर!" मी ओरडले. बा धक्क्याच्या काठावर पालथा पडला आणि हात खाली केला. मी बाकावर चढून टाचा उंचावून फोन त्याच्या हातात दिला. शिडी लोखंडी, शेवाळाने बुळबुळीत. दोन्ही हात लावल्याशिवाय चढता येत नाही. मी चढत चढत ओरडत होते, "चक्र थांबला का?"

"थांबला. ह्या काय, मासा हाय?"

"निळा दाब बा, निळा! ढाल!"

त्याने दाबलं. "दाबला. समोर कोन हाय?"

मी शिडीवर मध्येच थांबले. खोटं बोलता आलं असतं. "दादूस," मी म्हटलं.

"कंचा?"

"आपला. मी जिंकले तर तो होळीला येनार, हरले तर परत बोलवाचा न्हाय. पैज लावलीय."

प्रत्येक चालीला ठरावीक वेळ असतो, तो सरला की चाल गेली. मला शिडीवरून फक्त बाचे पाय दिसत होते, भेगाळलेले, चिखल वाळलेले, हलत नसलेले. माझ्या मनात आलं, याने फोन पाण्यात टाकला तर? याचा काय भरवसा.

"त्याने आत्ता कसा मारला?" बाने विचारलं.

"तू बग ना! मोठा का छोटा?"

"छोटा. तुज्या ढालीवर."

माझं धाबं दणाणलं. दादूसने फसवलं होतं. छोट्या चाव्यानंतर मुशीला दम खायला लागत नाही, म्हणजे आता तो मोठा चावा घ्यायला मोकळा, आणि माझी ढाल नुकतीच वापरलेली. कालवाचा जीव जेमतेम. तरी ओरडले, "निळाच दाब! फुटली तर फुटली!"

"हिरवा कंचा?"

"लेप. पन त्याने आता चावला तर कालव मेलाच!"

"न्हाय चावनार."

"कशावरून?"

"त्याला तू ठाव हायस. त्याला वाटल तू घाबरून ढाल धरशील. मंग मोठा चावा फुकट कशाला घालवल? लान्या लान्या टोचन्या दील. लानपनी माजा मार चुकवताना असाच कराचा, ह्या बाजूला झुकाचा नि त्या बाजूनी पलाचा." आणि माझं न ऐकता बाने हिरवा दाबला. मी डोळे मिटले. मग बाचा आवाज, "टोचला. लेप लागला."

मी वर पोचले, हात पुढे केला. बाने फोन दिला नाही. जाळ्यावर मांडी घालून बसला, पडदा छातीसमोर धरून, आणि मला म्हणाला, "थांब गो. माजी डोल लागलीय." नेटवर्क मध्ये आणखी एकदा गेलं तेव्हा उभा राहून हात उंच करून पार धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेला, आणि मासळी निवडणाऱ्या बाया बघत राहिल्या. पुढची ढाल, पुढचा लेप, सगळं त्याने केलं. शेवटी मुशी एकदा मोठी चावली, ढालीवर आपटली, आणि दम खाता खाता विषाने आडवी झाली. बाला कळलंच नाही. "पडली. आता?"

"आता काय, जिंकलो!" मी म्हटलं आणि रडायला लागले. अंगावरचं सगळं ओझं उतरल्यासारखं झालं, हुश्श, आणि मी तिथेच माशांच्या टोपल्यांत बसकण मारली. बाने फोन माझ्या मांडीवर ठेवला, पुन्हा सुई घेतली आणि जाळं सांधायला लागला. सांधता सांधता म्हणाला, "कोल्याची पोर नि ओहोटी इसरली. आयला सांगू नको, पोटात गोला येल तिच्या."

होळीच्या सकाळी दादूस करंजाच्या तरीतून उतरला. नवा शर्ट, हातात मिठाईचा पुडा, आणि तोंड लुगडं नेसून बर्फ आणायला गेला होता तेव्हासारखंच गंभीर. धक्क्यावर पाय ठेवायच्या आधी थबकला. बा होडीला पताका बांधत होता, वर न बघता म्हणाला, "दोरी धर त्या बाजूनी." दादूसने दोरी धरली. झालं, इतकंच. नारळ त्यानेच वाढवला. आय दिवसभर तव्याशी, मांजराशी, आल्यागेल्याशी एकसारखी बोलत होती, आणि मला वाटलं घर पुन्हा चालू झालं.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. डब्यावरचा दगड निघाला होता, जाड बोंबलांचं कालवण झालं होतं. मी दादूसला चिडवलं, "काय, कालवाने खाल्ली ना मुशी?" तो म्हणाला, "तुजा नेटवर्क तीनदा गेला, त्याचा सांग आधी." मी म्हटलं, ओहोटी होती. त्यावर आधी तो हसला, पोट धरून हसला. मग भाकरी मोडत म्हणाला, "तू गायब झालीस की फोन मला इचाराचा. समोरचा खेलाडू दिसत न्हाय, जिंकलो म्हनून घेतोस का थांबतोस?"

"मंग?"

"मंग काय. थांबलो."

"तीनदा?"

"तीनदा."

हे मला ठाऊकच नव्हतं. मी समजत होते, खेळाने दया केली. मी बाकडे पाहिलं. त्याचा घास हातातच राहिला होता. ताटातल्या कालवणाकडे बघत, दादूसकडे नाहीच, तो म्हणाला, "येवडा थांबलास, तं आजून चार दिस थांब."

आयने दादूसच्या ताटात आणखी एक बोंबील वाढला.